आजीची शाल आणि खाली ठेवलेला पेला

रुबहींनी काढलेल्या फोटोत आजवर कुणालाच डोकं आलेलं नव्हतं. मेहुणीच्या लग्नाचा अख्खा अल्बम त्यांनी एकट्याने काढला होता, आणि घरचे लोक त्यातली माणसं बुटांवरून ओळखायचे. "हे तपकिरी बूट म्हणजे इर्बिदचे मामा, आणि ज्याची नाडी सुटलीय ते मामांचे व्याही." नवरीचा पोशाख पांढरा, म्हणून ती तेवढी चटकन सापडायची. नवरदेवाबद्दल अजून वाद आहे.

कारण अगदी साधं होतं. रुबही बटण बोटाने दाबत नसत, सर्वांगाने दाबत. बोटाबरोबर खांदे खाली जात, खांद्यांबरोबर कॅमेरा खाली जाई, आणि समोरच्यांची मुंडकी वरच्या वर उडत. फोटो स्पष्ट यायचे, रंग सुरेख यायचे. फक्त मानेच्या वर काही यायचं नाही.

असा माणूस अकबा शहराच्या पाणी खात्याच्या बैठकीत उठून उभा राहिला आणि म्हणाला, "ऑक्टोबरचा फोटो मी आणतो." का म्हणाला, हे त्याला स्वतःलाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

झालं असं, की साहेबांनी यंदा खात्याच्या कॅलेंडरसाठी बाहेरचा फोटोग्राफर न बोलवायचं ठरवलं. बारा महिने, बारा फोटो, सगळे आपल्याच कर्मचाऱ्यांचे, आणि प्रत्येकाखाली काढणाऱ्याचं नाव. अकरा महिने पटापट वाटले गेले. पाण्याच्या टाक्या, बंदर, समुद्रातली पोवळी, पुन्हा टाक्या. ऑक्टोबर उरला, कारण तिथे साहेबांना रम्मच्या वाळवंटातला 'आजीची शाल' हा खडक हवा होता, तोही मावळतीच्या उन्हातला. शुक्रवारची सुट्टी घालवून सत्तर किलोमीटर जाणार कोण?

"रुबहींना पाठवू नका, साहेब," शेजारच्या टेबलावरचा जिर्यस म्हणाला. "डोंगराचं शिखर उडेल."

सगळे हसले. साहेबसुद्धा हसले, आणि ते वर्षातून दोनदाच हसत. रुबही उठून उभे राहिले ते तेव्हा.

हसण्यासारखं असलं तरी एक लक्षात घ्या. रुबही एकोणीस वर्षं तक्रारींच्या खिडकीत बसत होते. साहेबांच्या दारावर साहेबांचं नाव होतं, जिर्यसच्या टेबलावर जिर्यसच्या नावाची पट्टी होती, आणि खिडकीवर नुसतं 'तक्रारी' एवढंच लिहिलेलं होतं. आयुष्यात एकदाच त्यांचं नाव छापून आलं होतं, काकांच्या निधनाच्या बातमीत, शोकाकुल नातेवाइकांच्या यादीत अकरावं. तेही चुकीचं. आता ते घराघरात एक महिना भिंतीवर लटकणार होतं.

घरी आल्यावर त्यांनी ही बातमी बायकोला, म्हणजे इताफला, सांगितली. तिने वांगी चिरता चिरता मान वर केली. "खडक निवडलात ते बरं केलंत, अबू लुजैन. खडकाला कुठे डोकं असतं."

अबू म्हणजे बाबा, आणि लुजैन ही त्यांची एकुलती एक मुलगी, वय पंधरा. त्या वर्षी शाळेच्या वादविवाद स्पर्धेत ती पहिली आली होती, आणि तेव्हापासून घरात मीठ कमी पडलं तरी ती त्यावर तीन मुद्दे मांडायची. "बाबा, मुद्दा पहिला. खरं सोनेरी ऊन फक्त सहा मिनिटं असतं. मुद्दा दुसरा. सहा मिनिटांच्या आधी खडक भाजक्या हरभऱ्यासारखा दिसतो आणि नंतर वांग्यासारखा. मुद्दा तिसरा. मी बरोबर येणार."

"हा मुद्दा नाही, हा हट्ट आहे."

"म्हणून तर तिसरा ठेवला."

पाण्याच्या गळतीपेक्षाही वेगाने बातमी इमारतभर पोचली. तिसऱ्या मजल्यावरचे हाजी फव्वाज, जे बंदरावरच्या जकात कचेरीतून निवृत्त झाल्यापासून जगातल्या कुठल्याही विषयाची जकात वसूल करत, चहाला आले आणि रात्रीच्या नमाजाची वेळ होईस्तोवर बसले. फोटो काढताना श्वास रोखायचा. आदल्या दिवशी कांदा खायचा नाही, डोळ्यांत पाणी येतं. आणि तिवई पाहिजेच.

"माझ्याकडे तिवई नाही, हाजी."

"तुमच्या खात्यात जमीन मोजणाऱ्यांकडे आहे की. तिवई ती तिवई. आणि हे बघा, खडकावर सावली पडली तर? समोरून उजेड मारावा लागतो. एखादी मोठी चकचकीत परात घ्या आणि ऊन परतवून खडकावर टाका."

आजीची शाल हा खडक चाळीस मजल्यांइतका उंच. पण मोठ्या माणसाचा सल्ला असा तोंडावर कोण मोडतो? इताफची मन्साफची परात, जिच्यात ईदला वीस माणसांचा भात आणि अख्खा मेंढा मावतो, गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. "खरचटलेली परत आणलीत तर तुम्हीही येऊ नका," इताफ म्हणाली.

पहिला शुक्रवार रम्मच्या संरक्षित भागाच्या फाटकापाशीच संपला.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही. त्याने पाहिली ती तिवई. पिवळी, लाल पट्ट्यांची, माणसाच्या छातीइतकी उंच, आणि तिच्या पायावर ठळक अक्षरात खात्याचं नाव.

"जमीन मोजायला आलात?"

"नाही हो. खडकाचा फोटो काढायला."

"खडकाचा फोटो काढायला पाणी खातं आलं?"

"मी तक्रारींच्या खिडकीत असतो," रुबही म्हणाले. यामुळे माणूस निवळेल असा त्यांचा समज होता. पण पहारेकऱ्याच्या घरचं पाणी सतरा दिवस आलेलं नव्हतं. तो ते पहिल्या दिवसापासून सांगू लागला. सतरावा दिवस संपेपर्यंत सूर्य डोंगराआड गेला होता. वर त्याने खात्याचं पत्र आणायला सांगितलं, आणि त्यावर गोल शिक्का.

आता गोल शिक्क्याचं असं, की तो लावायला पत्राला नोंद क्रमांक लागतो, आणि आमच्याकडे नोंद क्रमांक फक्त तक्रारीलाच पडतो, असं शिक्केवाल्या कारकुनाने सांगितलं. रुबही दोन दिवस विचार करत राहिले. मग मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ते खिडकीच्या बाहेरच्या बाजूला गेले, रांगेत उभे राहिले, स्वतःविरुद्ध तक्रारीचा अर्ज भरला, आत येऊन तो स्वीकारला, पुन्हा बाहेर जाऊन पावती घेतली. सवयीने त्यांनी स्वतःला "चार दिवसांनी या" असंही सांगून टाकलं. शिक्का गुरुवारी मिळाला. छापखान्यात सगळं रविवारी जाणार होतं. म्हणजे हातात एकच शुक्रवार.

त्या शुक्रवारी पहारेकऱ्याने पत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाणी आलेलं होतं. "ही परात कशाला?" एवढंच त्याने विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही.

त्यांची गाडी वाळूत चालण्यासारखी नव्हती, म्हणून गावातला मुतलक नावाचा जीपवाला त्यांना घेऊन निघाला. सूर्य मावळायला अजून पाऊण तास होता. तिवई, परात, बाप आणि लेक, सगळे जीपच्या मागच्या बाजूला हिंदकळत होते आणि रुबहींना पहिल्यांदाच वाटलं, की जमलं बुवा.

"वाटेत माझ्या वडिलांचा तंबू आहे," मुतलक म्हणाला. "आजीच्या शालीच्या अगदी समोर. नुसती कॉफी घ्या. पाहुण्याला तंबूवरून तसाच पुढे नेला तर अब्बा मला घरात घेणार नाहीत."

"बाबा, नाही म्हणा," लुजैन पुटपुटली.

"अगं, नाही कसं म्हणणार?"

खरंच कसं म्हणणार? रम्ममध्ये कॉफीला नाही म्हटलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. असेल तर तो परत आलेला नाही.

"फक्त एक करा," मुतलकने गाडी थांबवताना सांगितलं. "कॅमेरा कोटाखाली ठेवा. अब्बा फोटो काढून घेत नाहीत. तीस वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने त्यांचा फोटो काढला, आणि तो डोकेदुखीच्या गोळीच्या डबीवर छापून आला. डबी अम्मानपर्यंत गेली. लग्नात गेले की लोक विचारायचे, 'काय अबू मुतलक, डोकं कसं आहे आता?' तेव्हा त्यांनी शपथ घेतली, हे तोंड पुन्हा कुठल्या कागदावर येणार नाही."

अबू मुतलक म्हणजे ताठ कण्याचे, पांढऱ्या दाढीचे म्हातारे. लुजैन पडद्यापलीकडे बायकांच्या बाजूला गेली. रुबही गालिच्यावर बसले. शेकोटीवर काळी किटली, वेलदोड्याचा वास, आणि तंबूच्या उघड्या तोंडातून समोर आजीची शाल, पट्ट्या-पट्ट्यांची, अजून हरभऱ्याच्या रंगाची. वेळ होता.

कॉफी आली. बिनकानाचा चिमुकला पेला, तळाशी तीन घोट. हे सगळे रिवाज रुबहींना पाठ होते. उजव्या हाताने घ्यायचा. पुरे झालं की हलवून दाखवायचा. हे तर लुजैनला त्यांनीच शिकवलं होतं, वर आपल्या आजोबांच्या दोन गोष्टी सांगून.

आणि नेमकं तेव्हाच समोरच्या खडकाची सगळ्यात वरची पट्टी केशरी झाली.

रुबहींना राहवेना. भिंगावरचं झाकण तरी काढून ठेवावं, म्हणजे उठल्या उठल्या सुरू करता येईल. झाकण काढायला दोन हात लागतात. त्यांनी पेला गालिच्यावर ठेवला. भरलेला. तोंड न लावता.

म्हाताऱ्यांची नजर पेल्यावर जाऊन थांबली. रुबहींनी कोटाखाली हात घातलेलाच होता. त्यांनी वर पाहिलं, मग पेल्याकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय केलं ते.

भरला पेला न पिता खाली ठेवायचा, म्हणजे यजमानाला सांगायचं की मी मागणं घेऊन आलोय, ते मान्य होईपर्यंत तुझ्या घरची कॉफी पिणार नाही. खुनाचं वैर मिटवताना असा पेला ठेवतात. मुलगी मागताना ठेवतात. भिंगाचं झाकण काढताना ठेवत नाहीत. बरं, ठेवलेला पेला गुपचूप उचलून पिऊन टाकावा, तर तो यजमानाचा अपमान. म्हणजे तुझ्याकडे मागण्यासारखं काही नाही असं म्हटल्यासारखं.

"मुतलक," म्हातारे शांतपणे म्हणाले, "चुलत्यांना बोलाव. साक्षीला माणसं लागतील."

चार चुलते आले. प्रत्येकाला उठून सलाम झाला, प्रत्येकाने पाहुण्याच्या तब्येतीची, घरच्यांची, शहराच्या हवेची विचारपूस केली. प्रत्येकाने आत येताना बाहेर जीपला टेकवलेली पिवळी तिवई पाहिली होती, आणि तिच्यावरचं नावही वाचलं होतं.

"पाणी खातं," पहिला चुलता दुसऱ्याच्या कानात म्हणाला, पण त्याला कमी ऐकू येत असल्यामुळे तो हळू बोलत नसे. "विहीर मागणार."

"मागच्या वेळी नुसता रस्ता मागितला होता."

"तेव्हा पेला नव्हता ठेवला. पाणी खात्याचा माणूस पेला ठेवतो म्हणजे विहीरच. आणखी काय मागेल, चंद्र?"

समोर खडक खालपर्यंत केशरी होऊ लागला होता. पडद्यामागून लुजैनचा आवाज आला, "बाबा, बारा मिनिटं."

रुबहींनी आयुष्यात इतका विचार कधी केला नव्हता. मागायचं काय? 'मला उठून जाऊ द्या' हे मागणं पेल्यापुढे इतकं चिमुकलं होतं, की उद्यापर्यंत अकब्यातले मासळीवालेसुद्धा हसले असते. मोठं काही मागावं, तर त्यांना या जगात सहा मिनिटांपलीकडे काही नकोच होतं.

"मागा," अबू मुतलक म्हणाले. "विहीर सोडून काहीही."

"अट घालता येत नाही, दादा," कमी ऐकू येणाऱ्या चुलत्याला हे मात्र नेमकं ऐकू आलं.

म्हाताऱ्यांनी दाढ उपटून घेणाऱ्या माणसासारखा चेहरा केला. "बरं. काहीही मागा."

रुबहींनी तोंड उघडलं, आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने तोंडातून निघालं, "आपली तक्रार काय आहे?"

चुलते एकमेकांकडे बघू लागले. पडद्याची किनार हलली.

"माझे वडील तुमचा फोटो मागायला आलेत," लुजैन पलीकडून म्हणाली. तिचा आवाज स्पर्धेतल्यासारखा खणखणीत होता. "मुद्दा पहिला. आजीच्या शालीचा फोटो जगाने काढलाय, पण तिच्या शेजारी जन्म काढलेल्या माणसाचा कुणीच नाही. मुद्दा दुसरा. हा फोटो गोळ्यांच्या डबीवर नाही, सरकारी कॅलेंडरवर येणार. मुद्दा तिसरा. दहाच मिनिटं उरलीत."

रुबहींनी डोळे मिटून घेतले. मुलीला स्पर्धेला पाठवलं तो दिवस त्यांना आठवला. सही त्यांनीच केली होती.

"विहीर वाचली," एक चुलता म्हणाला.

"विहीर मागितली असती तर बरं झालं असतं," अबू मुतलक म्हणाले.

पडद्यामागून आता वेगळाच, पिकलेला आवाज आला. ती त्यांची बायको, उम्म मुतलक. "द्या की एकदा. तीस वर्षं तोंड लपवताय, नव्या नवरीने इतकं लपवलं नसतं."

पडद्यापलीकडे सगळ्या बायका हसल्या. म्हाताऱ्यांनी शेकोटीत एक काटकी सरकवली. एका बाजूला शपथ, दुसऱ्या बाजूला पेला. शपथ त्यांची एकट्याची होती. पेला वाडवडिलांचा होता.

"उचला," ते म्हणाले. "दिलं."

रुबहींनी गार झालेली कॉफी एका दमात घशाखाली घातली आणि पेला इतका हलवला की बघणाऱ्याला वाटावं त्यात फासा आहे. "सात मिनिटं," पडदा म्हणाला.

पण तीस वर्षांनी फोटो काढून घेणारा माणूस आहे त्या कपड्यात कसा उभा राहील? पेटीतला काळा अंगरखा निघाला. कमरेचा खंजीर निघाला. मग दाढी विंचरायची तर तंबूत आरसा नव्हता. लुजैन धावत जाऊन परात घेऊन आली, आणि अबू मुतलकांनी वीस माणसांच्या त्या परातीत बघून सावकाश, एकेक केस, दाढी विंचरली. हाजी फव्वाजांचा सल्ला उपयोगी पडण्याची ही इतिहासातली पहिलीच वेळ.

मग चुलतेही तयार झाले, कारण साक्षीदार म्हणजे शेवटपर्यंत साक्षीदार. उजव्या हाताला कोण, यावर दोघांचं एकोणिसशे सत्तरपासूनचं काही निघालं. ते मुतलकने मिटवलं. एकाला आपली सांडणी फोटोत हवी होती, पण सांडणीला नको होतं.

"तीन," लुजैन म्हणाली.

रुबहींनी तिवई रोवली, कॅमेरा वर ठेवला, आणि स्क्रू फिरवला. स्क्रू फिरतच राहिला. जमीन मोजायच्या यंत्राचा स्क्रू अंगठ्याएवढा होता, कॅमेऱ्याचं भोक करंगळीपेक्षा बारीक. तिवई ती तिवई, म्हणे.

खडक आता पेटला होता. खालची पट्टी डाळिंबाची, वरची सुमाकच्या लाल मसाल्याची, मधली अशी केशरी की वाळूवरसुद्धा तिचा उजेड सांडला होता. त्यापुढे पाच म्हातारे एका रांगेत. अबू मुतलकांनी डोळे गच्च मिटले होते, इंजेक्शनची वाट बघणाऱ्या मुलासारखे.

"बाबा, मी काढू का?" लुजैनने हळूच विचारलं. या वेळी मुद्दे नव्हते.

रुबहींनी तिच्याकडे पाहिलं. हिने काढला तर सगळ्यांना डोकी येणार, आणि खाली नाव एका खोट्या माणसाचं येणार. "खाली माझं नाव छापणार आहेत, बेटा," ते म्हणाले.

तिने मान हलवली आणि बाजूला सरकली. "मग फक्त बोट, बाबा. खांदे नाहीत."

"फक्त बोट," रुबही म्हणाले, आणि हाजींनी सांगितल्याप्रमाणे श्वास रोखला. पण श्वास रोखला तर तो कधीतरी सोडावा लागतो, आणि रुबहींनी तो बटणाबरोबर सोडला. खांदे गेले. कॅमेरा गेला. खट्.

ऊन विझलं. कुणीतरी दिवा मालवावा तसं. आजीची शाल वांग्याच्या रंगाची झाली.

सगळे कॅमेऱ्याभोवती जमले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाच अंगरखे होते, पाच पट्टे, एक खंजीर, दहा चपला, लालभडक वाळू. मागे खडकाच्या पट्ट्या जळत होत्या, जणू आतून कुणीतरी भट्टी पेटवलीय. असं ऊन, असा रंग रुबहींच्याच काय, साहेबांच्याही स्वप्नात आला नसेल. आणि मानेच्या वर काही नव्हतं. म्हाताऱ्यांच्या नाही, चुलत्यांच्या नाही. खडकाचंही शिखर उडालं होतं. माणूस आणि डोंगर असा भेदभाव रुबहींनी केला नव्हता.

अबू मुतलकांनी कॅमेरा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "तोंड कुठंय?"

"नाही आलं," रुबही म्हणाले. तक्रारींच्या खिडकीत रोज ऐकलेला तो स्वर त्यांनी प्रथमच स्वतःच्या तोंडून ऐकला.

"फोटो माझाच आहे?"

"तुमचाच."

"म्हणजे तुमचं मागणं पुरं झालं."

"झालं."

"आणि हे तोंड कुठल्या कागदावर आलेलं नाही." म्हाताऱ्यांच्या दाढीत काहीतरी हललं. आधी खांदे गदगदले, मग हसू आलं. "बघा रे, पाहुणा कसा असावा. मागतोसुद्धा, आणि घेत नाही."

त्यानंतर जेवल्याशिवाय सुटका नव्हती. वाळूत पुरलेल्या भट्टीतलं मटण निघालं, आणि ते इताफच्या परातीत वाढलं गेलं. परतीच्या वाटेवर रुबहींनी मोजल्या, परातीवर चौदा नव्या रेघा होत्या. इताफने त्या मोजल्या तेव्हा सोळा भरल्या.

रविवारी साहेबांनी फोटो उजेडात धरला, फिरवला, पुन्हा सरळ केला. छापखान्याचा माणूस दारात उभा होता. दुसरा फोटो नव्हता. "रंग चांगले आलेत," साहेब म्हणाले, आणि वर्षातलं आपलं दुसरं हसू खर्च केलं.

कॅलेंडरं आली त्या दिवशी जिर्यसने पहिल्यांदा ऑक्टोबर उघडला. खाली बारीक अक्षरात नाव होतं, यावेळी अगदी बरोबर छापलेलं. पण जिर्यसने तिकडे बघितलंसुद्धा नाही. "रुबही," तो म्हणाला. "हे तर आंधळासुद्धा ओळखेल." आणि का कोण जाणे, त्याने ते पान आपल्या टेबलासमोर लावलं.

एक प्रत रम्मला गेली. अबू मुतलकांच्या तंबूच्या मधल्या खांबावर ती अजून लटकते आहे, बारा महिने ऑक्टोबरवरच. कॉफीचा पहिला पेला झाला की ते पाहुण्याला हात धरून तिथे नेतात.

"हा मी."

"कशावरून, काका?"

"चपलांवरून," ते म्हणतात, आणि पुरावा म्हणून उजवा पाय पुढे करतात.